पाण्यात उतरलेला फाळका

तिच्या पिकअपचा मागचा फाळका इतर गाड्यांसारखा धाडकन खाली आपटत नसे. तो हायड्रॉलिकवर चाले. बटण दाबलं की गाडीच्या पोटात मोटर घुरघुरे, तेल नळ्यांतून वाट काढी, आणि तो रुंद लोखंडी फाळका आडवा होऊन अलगद जमिनीला टेके. मग त्यावर फ्रिज ढकला, कपाट ढकला, दुसरं बटण दाबा. सामान उभ्याउभ्याच वर जाई. लोकांची घरं हलवणं हा तिचा धंदा. गल्लीत तिला सगळे लिफ्टवालीच म्हणत.

या धंद्यात तिला एक घटका फार आवडे. जड वस्तू जमिनीवरून सुटते ती. वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात बसून फरशीवर स्वतःचा चौकोनी डाग पाडलेलं कपाट एकाएकी हवेत तरंगू लागे, आणि त्याचे मालक बोलता बोलता गप्प होत. तीही बटणावर अंगठा ठेवून नुसती बघत राही.

घरी तिचे सासरे होते. गावभर त्यांना मास्तर म्हणत, पण शाळेतले नव्हेत, पोहण्याचे. अर्ध्या गावाला आपण पाण्यात ढकललं आणि उरलेल्या अर्ध्याला बाहेर काढलं, असं ते स्वतःच सांगत. सून मात्र कोरडीच राहिली होती. लग्न होऊन आली तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, "बाबा, मला पाण्याची भीती वाटते. आंघोळीपुरतं ठीक आहे." ते हसले होते, आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता.

मग एक दिवस त्यांना झटका आला आणि डावं अंग गेलं. तेव्हापासून चाकांची खुर्ची, खिडकी आणि ओटा, एवढंच त्यांचं जग. ओट्याला पायऱ्या होत्या. मुलगा म्हणे, शेजारी म्हणत, "चला मास्तर, आम्ही चौघं मिळून खुर्चीसकट खाली उतरवतो." ते मान हलवत.

"चौघांनी उचलायचं ते एकदाच. मला त्याची घाई नाही."

दुपारी ते झोपत तेव्हा सून शेजारच्या खोलीत सामान बांधायच्या पट्ट्यांचे गुंते सोडवत बसे. एकदा तिने डोकावून पाहिलं. त्यांचा उजवा हात चादरीवर हलत होता. पुढे जाई, वळे, मागे येई. मान एका बाजूला होऊन तोंड उघडे, श्वास घेई, पुन्हा उशीत जाई. ते पोहत होते. चादरीला सुरकुत्या पडत आणि हात त्या मागे सारत राही. ती दारातच उभी राहिली. हाक मारली तर ते मध्येच बुडतील, असं काहीतरी तिला वाटलं.

जागे झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी एवढं खाली कसं गेलं गं?" मग खोली ओळखू आली आणि ते भिंतीकडे वळले.

त्यानंतर एका गिऱ्हाइकाने घर बदलताना जुना न्हाणीचा टब टाकून दिला. तिने तो फाळक्यावर चढवून घरी आणला, घासून पांढराशुभ्र केला आणि मोठ्या उत्साहाने सासऱ्यांना दाखवला.

त्यांनी टबाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "टबात साबण पोहतो, सूनबाई. माणूस नाही."

तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. त्या दिवशी फाळका मिटताना तिच्या मनात आलं, हा जमिनीला टेकतो तसा पाण्यात का टेकणार नाही?

तिचा नवरा बेकरीत कामाला. रात्रभर कणीक मळायची, भट्टी सांभाळायची आणि उजाडता उजाडता घरी येऊन आडवं व्हायचं, हा त्याचा क्रम. तिने त्याच्याजवळ बाबांना तलावावर न्यायचा विषय काढला तर तो ताडकन म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे ना? थंडी बाधली तर? हातातून सुटले तर? तुला तर स्वतःला पोहता येत नाही." बोलता बोलताच त्याला झोप लागली. पिठाने पांढरी झालेली त्याची भुवई तिने पुसली.

दुसऱ्या दिवशी ती गळतीकाकांकडे गेली. गाडीचं हायड्रॉलिक तेच बघत. तेल कुठून झिरपतंय हे त्यांना वासावरून कळे, म्हणून हे नाव पडलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाले, "फाळका बुडाला तर त्याचं काही बिघडत नाही. मोटरला मात्र पाणी लागता कामा नये. तलावाशी होड्या उतरवायचा उतार आहे ना, तिथे गाडी मागे घे. मागची चाकं जेमतेम ओली होऊ देत, त्याच्यापुढे एक वीतही जाऊ नकोस. आणि मोटर रुसलीच तर हा हातपंप. दांडा असा वरखाली करायचा."

"जाऊ ना मग?"

"मला विचारतेस? त्या माणसाने मला लहानपणी मानगुटीला धरून पाण्यात फेकलं होतं. आज तू त्याला फेक. फिटंफाट."

धुकं पडलं होतं अशा एका सकाळी ती आणि मास्तर निघाले. नवरा नुकताच झोपला होता. तिने गाडी मागे घेत ओट्याला लावली आणि फाळका बरोबर ओट्याच्या उंचीवर आणून थांबवला. उंबऱ्यापुढे जणू आणखी एक उंबरा तयार झाला.

"कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"जरा बाहेर. कुणी उचलणार नाहीये. खुर्ची तुमची तुम्हीच ढकला."

त्यांनी उजव्या हाताने चाक फिरवलं. तिने मागून नुसता हात लावून दिशा सांभाळली. खुर्ची लोखंडावर गेली, आणि ओटा मागे राहिला. फाळका थोडासा आणखी वर चढला तेव्हा मास्तरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. शेजारच्या कुंपणापलीकडचं त्यांना दिसू लागलं. वाळत घातलेले कपडे, एक मोडकी सायकल, पत्र्यावर झोपलेलं मांजर.

"अरे, यांनी झाड कापलं वाटतं," ते पुटपुटले. थोड्या वेळाने म्हणाले, "दुसरं लावलंय. बरं केलं."

तिने खुर्ची आत गाडीत घेऊन तिची चाकं बांधली, पट्टे आवळले आणि बैलगाडीच्या चालीने गाडी हाकली. मास्तर मागे तोंड करून बसले होते. त्यामुळे गाव त्यांच्याकडे येत नव्हतं, त्यांच्यापासून निघून जात होतं. पाववाल्याचं दुकान, शाळेची भिंत, वळणावरचा नळ. प्रत्येक गोष्ट अगदी जवळून निघायची आणि धुक्यात शिरून मऊ व्हायची. एक ओळखीचा माणूस रस्ता ओलांडता ओलांडता थबकला आणि त्याने हात वर केला. मास्तरांनीही केला. तोही विरघळला.

तलाव दिसत नव्हता. फक्त धुक्याखाली कुठेतरी पाणी हलत होतं. उतारावर तिने गाडी तसू तसू मागे घेतली. मागची चाकं ओली झाली तिथे ब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. तिने त्यांना आधार देऊन खुर्चीतून खाली फाळक्याच्या लोखंडावर बसवलं, पाय पुढे पसरले, आणि सामान बांधायचा एक लांब पट्टा त्यांच्या कमरेला बांधून दुसरं टोक गाडीला अडकवलं. स्वतः त्यांच्या पाठीला गुडघा टेकून उभी राहिली आणि बटण दाबलं.

फाळका उतरू लागला. आधी कडेवरून पाणी पातळ होऊन आत आलं. टाचा भिजल्या. मग पोटऱ्या, गुडघे, मांड्या. मास्तर खाली बघत होते, जसं कुणीतरी फार दिवसांनी घरी येतंय आणि आपण दारात उभं राहून त्याला पायऱ्या चढताना बघतोय. पाणी छातीला लागलं तेव्हा त्यांनी खोल श्वास घेतला. त्यांचा डावा पाय, जो घरी लाकडासारखा पडलेला असे, आपोआप वर आला आणि तरंगू लागला.

"सूनबाई, तो बघ," ते म्हणाले. "तो बघ, पठ्ठ्या."

त्यांनी उजव्या हाताने फाळका मागे लोटला आणि ते पाठीवर निजले. एका हाताने वल्हं मारत थोडं दूर गेले. पट्टा ताणला गेला. तिला दिसलं, ते कमरेपाशी काहीतरी चाचपतायत.

"अहो बाबा, काय करताय?"

"पट्टा असला की मला कुणीतरी धुतंय असं वाटतं."

बक्कल सुटली. पट्टा रिकामा होऊन पाण्यावर पडला, आणि मास्तर धुक्याकडे सरकू लागले.

"बाबा! परत या!"

"येतो की." आवाज आला, पण माणूस धूसर झाला होता.

तिला नवऱ्याचे शब्द आठवले. ती फाळक्याच्या कडेवरून खाली उतरली. पायाखाली उतार होता, शेवाळलेला. पाणी कमरेपर्यंत आलं, मग काखेपर्यंत. पुढचं पाऊल टाकलं आणि खाली काहीच लागलं नाही. ती किंचाळली, पाणी तोंडात गेलं, हात वेडेवाकडे आपटले. तेवढ्यात पाठीखाली एक तळहात आला.

"मारू नकोस त्याला," मास्तर अगदी कानाजवळ म्हणाले. "त्याने तुझं काय वाकडं केलंय? मान मागे टाक. अजून. कान बुडू देत. पोट वर."

कान बुडाले आणि सगळा आवाज नाहीसा झाला. तिचा स्वतःचा श्वास तेवढा येत-जात होता, दूरच्या खोलीत कुणी झोपल्यासारखा. वर पांढरं, खाली पांढरं. पाठीखालचा तळहात आहे की नाही तेही तिला सांगता येईना. आयुष्यभर तिने वजनं उचलली होती. स्वतःचं वजन कधी कुणाच्या हवाली केलं नव्हतं. ती तशीच पडून राहिली आणि पाण्याने तिला खाली जाऊ दिलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यात एक पिवळा डाग उमटला, तो सूर्य होता.

"हात मघाशीच काढलाय मी," शेजारून आवाज आला. मास्तर तिच्याशेजारी तरंगत होते. ते ऐकल्याबरोबर ती बुडाली, आणि खोकत, हसत, त्यांच्या खांद्याला धरून पुन्हा वर आली.

फाळक्यावर परत बसेपर्यंत दोघंही कुडकुडत होते. तिने बटण दाबलं. मोटर एकदा हुंकारली आणि गप्प झाली. पुन्हा दाबलं, तरी काही नाही.

"अडकलो वाटतं आपण," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी म्हणावी अशी काहीच नव्हती.

तिने हातपंपाचा दांडा काढला, पाण्यात उभं राहून वरखाली करू लागली. दर खेपेला फाळका बोटभर वर येई. पाणी कडांवरून सांडे, त्यातून एखादा इवलासा मासा चमकून परत जाई. मास्तर त्या सांडत्या पाण्याच्या मधोमध बसून तिला ताल देत होते. "एक... श्वास घे. एक... श्वास घे." फाळका गाडीच्या पातळीला आला तेव्हा तिचे हात भरून आले होते आणि थंडी पळाली होती.

घरी नवरा ओट्यावर उभा होता. त्याने टपटपणारी खुर्ची पाहिली, बायकोचे ओले केस पाहिले, बापाच्या कानामागची शेवाळाची काडी पाहिली.

"तलावावर गेला होतात?"

"हो," ती म्हणाली.

"आणि कुणी पोहणारं बरोबर न घेता?"

"मी होतो ना बरोबर," मास्तर म्हणाले.

नवऱ्याने टॉवेल आणला आणि वडिलांचं डोकं खसाखसा पुसायला लागला. गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. मग हात मंदावला. "मला उठवायचं होतंत," तो म्हणाला. "मी आलो असतो. नाही म्हणालो असतो, पण आलो असतो."

त्या दुपारी मास्तर झोपले ते हात न हलवता.

मग सुट्टीच्या सकाळी तिघंही जाऊ लागले. गळतीकाकांनी मोटर वर उचलून बसवून दिली, वर रबराची टोपी घातली. मुलगा पाण्यात वडिलांच्या बाजूने पोहत असे आणि मास्तर पाठीवर निजून त्याच्या कोपराला नावं ठेवत. सून आधी काठाकाठाने हातपाय मारायला शिकली, मग थोडी आत, मग आणखी आत. मास्तरांनी तिला कधी शाबासकी दिली नाही. फक्त एकदा म्हणाले, "आता तू पाण्याशी भांडत नाहीस."

पानं गळायला लागली तेव्हा एका सकाळी तिला वाटलं, पलीकडे काय आहे बघावं. तिने कुणाला सांगितलं नाही. हात पुढे टाकत गेली, दम लागला की पाठीवर निजली, आभाळ बघितलं, पुन्हा निघाली. मध्यावर पाणी गार आणि काळं होतं, आणि अगदी शांत. अखेर गुडघ्याला गवत लागलं.

पलीकडे काहीच विशेष नव्हतं. गवत, एक उलटी पडलेली होडी, पाणी प्यायला आलेली कुणाची तरी गाय. ती होडीच्या पाठीवर बसली. फळ्या उन्हाने कोमट झाल्या होत्या. समोरच्या काठावर गाडी काडेपेटीएवढी दिसत होती, तिच्याजवळ पाण्यात दोन ठिपके. त्यातला एक हात हलवत होता. परत ये म्हणतोय की नुसतंच पोचलीस म्हणतोय, एवढ्या लांबून कळेना.

तिने केस पिळले आणि अंग सुकेपर्यंत बसून राहायचं ठरवलं.