रबराला तेल चालत नाही

घरात काहीही कुरकुरलं की आमच्या यांना तेल सुचतं. कपाटाची बिजागरी असो की माझे गुडघे, तिळाच्या तेलाची बाटली हजर. गाडी गतिरोधकावर कुईकुई करू लागली, तेव्हाही हे गाडीखाली शिरून चाकाजवळच्या रबरी बुशवर तेल ओतून आले. चार दिवस गाडी गप्प बसली. मग दुप्पट ओरडू लागली.

एरवी यांनी चालवून घेतलं असतं. पण आमच्या नूपुरला सातवा लागला होता आणि तिला काटोलहून बाळंतपणाला आणायचं होतं. मागल्या खेपेला याच गाडीतून माहेरी आणली आणि आठवड्यातच तिचा गर्भ गेला. गाडीचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. यांना कुणीच बोल लावला नाही. यांनी स्वतःच लावून घेतला.

रूपराव मेकॅनिकनं बुश काढून दाखवला. रबर फुगून मऊ पडलं होतं.

“काकाजी, तेल रबराले खाते. साधं ग्रीसही नाही चालत. नवा बुश टाकू अन् सिलिकॉनचं ग्रीस लावू.”

“हे नाही खात ना गा रबराले?”

“नाही खात, काकाजी.”

यांचा विश्वास बसेल तर शपथ. जुन्या ट्यूबचे तुकडे कापले, एकाला साधं ग्रीस, एकाला सिलिकॉनचं, आणि माझ्या चटणीच्या वाट्यांत आठ दिवस खिडकीत ठेवले. मी वाट्यांवरून कडाकडा भांडले. साधं ग्रीस लावलेला तुकडा खरंच फुगला. दुसरा जसाच्या तसा. तेव्हा कुठे बुश बसला.

काटोलहून येताना गाडी एकदम मुकी. तरी हे बैलगाडीच्या चालीनं चालवत होते. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले.

“बाबा, गाडीचा आवाज गेला वाटते,” मागून नूपुर म्हणाली.

यांनी बुश, ग्रीस, वाट्या, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाबा, तेव्हा गाडीनं काही नव्हतं झालं. तुमच्यानंही नाही.”

यांनी गाडी बाजूला घेतली. चष्मा काढून पुसत बसले. मलाही भरून आलं होतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

“चला ना बाबा, मले भूक लागली,” नूपुर म्हणाली.

यांनी चष्मा लावला, गाडी रस्त्यावर आणली आणि काटोल सोडल्यापासून पहिल्यांदाच चौथ्या गिअरमध्ये टाकली.