राखेची रेघ आणि हवालदार

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसे, पाण्याच्या टाकीवर माणसे, आणि मधल्या चटईएवढ्या मोकळ्या जागेत रेघबाबा उकिडवा बसलेला. त्याच्या तळहाताखाली माझ्या मावशीचा थोरला कोंबडा होता. आम्ही त्याला हवालदार म्हणत असू. बाबाने त्याची मान जमिनीला टेकवली, चोचीपासून पुढे राखेची सरळ रेघ ओढली आणि हळूच दोन्ही हात वर उचलले. ज्याच्या पंखांची नुसती फडफड ऐकून मांजरे वाट बदलत, तो तांबडा दांडगा पक्षी त्या रेघेकडे डोळे लावून दगडासारखा पडून राहिला.

टाकीवरची माणसे पुढे वाकली.

"बघा! आत जो बसलाय ना, त्याला रेघ ओलांडता येत नाही," बाबा गरजला. "नऊ दिशा बांधल्यात मी."

"बाबा, दिशा दहा ना?" टाकीवरून कुणीतरी विचारले.

"दहावी माझ्या मुठीत आहे!"

मग त्याने मावशीचे दोन तरणे कोंबडे रेघेशी आणले. ते टुणकन उठून पळाले. "हे निर्मळ. थोरला झपाटलेला. त्याला सीमेपार सोडावा लागेल."

मावशी शिवणकाम करते. काका गेल्यापासून तिच्या घरात शिलाईयंत्राचा आणि आठ कोंबड्यांचा एवढाच आवाज. त्या वर्षी कोंबड्यांच्या पाठीची पिसे झडली, खुडूक कोंबडीखालची अंडी वाया गेली, आणि तिने बाबाला बोलावले. आता ती माझ्याकडे वळली.

"तू शिकलेला आहेस रे. सांग, देऊ का?"

मला माहीत होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सरांनी हीच गंमत टेबलावर करून दाखवली होती. पण हवालदार रोज उजाडता उजाडता, मावशीच्या अंगणाकडे उघडणाऱ्या माझ्याच खिडकीखाली आरवत असे. रात्रभर कवितेशी झगडून नुकता मिटलेला डोळा तो निर्दयपणे उघडी. मी म्हणालो, "तुला वाटतं तसं कर."

चार शब्द. बाबाच्या राखेपेक्षा हलके.

बाबा हवालदाराला घेऊन गेला. त्यानंतर मला छान झोप लागू लागली. आठव्या दिवशी भर दुपारी घारीने एक कोंबडी उचलली. आभाळाकडे तिरका डोळा लावून इशारा देणारे कुणी उरले नव्हते. हवालदाराच्या धाकाने दबून असलेले दोन्ही तरणे आता गादीसाठी भांडत, आणि त्यांच्या नख्यांनी कोंबड्यांच्या उघड्या पाठी रक्ताळत. मावशीने उरल्यासुरल्या कापडाच्या छोट्या झुली शिवायला घेतल्या, पाठीवर बांधायला.

एकदा ती मला ओरडून म्हणाली, "अरे, लवकर ये!"

माप घेण्यासाठी तिने एका कोंबडीची मान टेबलावर दाबून धरली होती. हात काढला, तरी कोंबडी हलेना. समोर कापडावर शिवणाच्या खडूची रेघ होती.

"ही पण झपाटली का रे? माझ्या खडूनं?"

मग मला बोलावेच लागले. अशी मान दाबली की पक्ष्याला वाटते, आपण शिकाऱ्याच्या तावडीत सापडलो. भीतीने तो मेल्यासारखा पडतो, काही क्षण, कधी काही मिनिटे. रेघ नुसती शोभेची.

"आणि ते दोघे पळाले ते?"

"त्यांची मान त्यानं दाबलीच नव्हती."

"तुला हे केव्हा कळलं?"

"त्या दिवशीही माहीत होतं, मावशी."

तिने दोरा दातांनी तोडला. झुलीची गाठ मारली. मग म्हणाली, "पहाटे झोप लागते ना आता?"

ती चिडली असती, तर मला सोपे गेले असते.

त्या रविवारी बाबा शेजारच्या पावरोटीवाल्याच्या अंगणात बसला होता. हाताखाली पांढरा, जडसा कोंबडा. पावरोटीवाली डोळ्यांना पदर लावून उभी. मावशीने मला मागून ढकलले नाही. ती नुसती शेजारी उभी राहिली, हातात खडू घेऊन.

"बाबा," मी म्हणालो, "मान न दाबता रेघ ओढा."

"कोण हा? पोरा, कोप होईल!"

"होऊ दे. माझ्यावर होऊ दे. फक्त मान दाबू नका."

"दाखवा की बाबा," पावरोटीवाला म्हणाला. "दहावी दिशा मुठीत आहे ना तुमच्या?"

लोक हसले. बाबाने नाइलाजाने हात सैल केला आणि रेघ ओढली. कोंबडा उठला, रेघेवरून चालत गेला, त्याने वळून राखेत चोच मारली आणि पंख झटकले. मी त्याच अंगणातली पहिली हाताला आली ती कोंबडी घेतली, मान टेकवली, रेघ न ओढताच हात उचलला. ती पडून राहिली. टाळी वाजवली, उठली. मग मावशीने केले. मग पावरोटीवालीने, डोळे पुसून.

"म्हणजे सगळ्याच झपाटलेल्या म्हणायच्या!" ती म्हणाली.

"आणि सीमेपार सोडलेले गेले कुठं?" मावशीने विचारले.

गर्दीतला कोंबडीवाला खाली बघत पुटपुटला, "माझ्याकडे आणून विकायचा तो. मला वाटलं, पाळलेत त्यानं. भारी असायचे."

बाबा पिशवी उचलून केव्हा सटकला, ते मी पाहिले नाही. मी मावशीकडे पाहत होतो.

पिसे झडण्याचे खरे कारण साधे होते. आठ कोंबड्यांना तीन कोंबडे. एक पुरला असता. पाठी त्यांनीच सोलल्या होत्या, अंडीही त्यांच्याच धुमाकुळात गार पडली होती. पण अंड्यातून वाढवलेली पोरे दूर करायचा मावशीला धीर झाला नव्हता, आणि बाबाने तो धीर राखेत बांधून विकला. दुसऱ्या दिवशी तिने मूठभर दाणे टाकले. एक तरणा अधाशासारखा तुटून पडला. दुसऱ्याने दाणा चोचीत उचलला, खाली टाकला, कुटकुट करून कोंबड्यांना बोलावले आणि त्या खाईपर्यंत मान वर करून आभाळ पाहत राहिला. मावशीने तो ठेवला. पहिला वेगळ्या जाळीत गेला.

तुमच्याही अंगणात कुणी रेघ ओढील. तेव्हा रेघेकडे पाहू नका, रेघ ओढणाऱ्याचा दुसरा हात काय करतो ते पाहा. हात काढायला सांगा, आणि पुन्हा करायला सांगा. आणि तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर कृपा करून तिथेच, त्याच वेळी बोला. बाबाला मावशीचा कोंबडा माझ्या गप्प बसण्याने मिळाला.

नवा कोंबडा आता उजाडताना माझ्या खिडकीखाली आरवतो. मी खिडकी लावून घेत नाही. उठतो, खुराड्याचे दार उघडतो आणि दाणे टाकतो. तो सगळ्यांना बोलावतो, स्वतः शेवटी खातो. मी उभा राहून पाहतो.