वितळायचा राहिलेला टाक

मी बोलतोय तो काचेच्या आतून. संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आलात, की डावीकडे आफ्रिकेचे मुखवटे आहेत, उजवीकडे कुठल्याशा बेटावरची होडी, आणि मधल्या कपाटात मी. खाली देवमाशाचा सांगाडा आहे, त्यामुळे निम्मी माणसं वर येतच नाहीत. आली तरी माझ्यापुढे थांबत नाहीत. मी लहान आहे ना. तळहाताएवढा, तोही लेकराच्या.

मी एक टाक आहे. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. माझ्यावर घोड्यावरचा खंडोबा आहे, मागे म्हाळसा. आहे म्हणजे, होता. रोज धुऊन, घासून, भंडारा लावून दोघांची तोंडं पुसून गेलीत. घोडा तर शेळीसारखा दिसतो, असं परवा एक बाई तिच्या बहिणीला म्हणाली. म्हणू दे.

माझा जन्म कसा झाला, ते ऐका. आमच्या घरात टाक झिजला की सोनाराकडे नेतात, मुशीत वितळवतात, त्यात थोडी नवी चांदी घालून नवा टाक घडवतात. म्हणजे मी आलो तो माझ्या आधीच्या टाकातून. तो त्याच्या आधीच्यातून. घराणं बेंगळुरात आलं तेव्हा कुणी कमरेला बांधून आणलेली चांदी अजून माझ्या अंगात आहे. इथं काचेवर माझं वय लिहिलंय, पण ते या पत्र्याचं. आतल्यांचं कुणी विचारलंच नाही.

वितळवताना घरच्या बाईनं समोर बसायचं, अशी रीत. जुना देव नव्या अंगात शिरेपर्यंत उठायचं नाही.

के. आर. पुरमच्या घरात मला मालनबाईंनी सांभाळलं. त्यांचे गुडघे गेले, मग सून आली, शिवानी. बाई गं, काय तिचा जीव घाबरा! लेक दिव्यश्रीला शिंक आली तरी माझ्यापुढे हात जोडून उभी. शाळेची व्हॅन उशिरा आली तरी माझं तीर्थ. मला कधी कधी हसू यायचं. पण कुणाला तरी आपली एवढी गरज आहे, हे कुणाला आवडत नाही?

एक दिवस मालनबाई म्हणाल्या, "देव फार झिजला गं. बदलायला हवा." मला पुरणाचा नैवेद्य दाखवला. शिवानीनं मला डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "लगेच या हं परत." मला भीती नव्हती. माझ्या आधीचे सगळे याच वाटेनं आले होते.

समोर बसायला शिवानीच जाणार होती. पण नेमकी दिवी तापानं फणफणली. तेव्हा शिवानीचे सासरे अप्पासाहेब म्हणाले, "मी बसतो की. बाई काय नि बाप्या काय!"

चिकपेटच्या सोनाराकडे मी अप्पासाहेबांच्या खिशात होतो. ठोकण्याचा आवाज ऐकत होतो. वाटलं, आता माझी पाळी येईल. मग येईल. नवा टाक घडून, पुसून, कापडात गुंडाळूनही झाला. दुकानातल्या परक्या चांदीचा. मी खिशातच.

काही दिवसांनी त्यांनी मला इथं आणलं. फोटो काढताना फेटा बांधला होता. इथल्या साहेबांना म्हणाले, "आमच्या घराण्याची आठवण." मला हातमोजे घातलेल्या हातांनी उचललं. त्यानंतर मला कुणाचं बोट लागलेलं नाही.

परवाच्या रविवारी दिवीला देवमासा बघायचा होता. तिचे बाबा कामावर, म्हणून अप्पासाहेब आले सोबत. त्यांनी मायलेकींना खालीच फिरवलं. मगर झाली, फुलपाखरं झाली. पण दिवीला लागली शू, आणि खालचं स्वच्छतागृह बंद. वरच्याची वाट माझ्या समोरून जाते.

शिवानी पुढे गेली आणि मागे आली. काचेपाशी वाकली.

"मामंजी, हा आपला टाक आहे."

"अगं, असे टाक घरोघरी असतात."

"कोपरा बघा की दुमडलेला. रोज बोटाला लागायचा माझ्या."

तिचं बोट काचेवर आलं. हात लावू नका, मागे व्हा, असं कानडीत ओरडत पहारेकरी धावला. "अम्मा, मुट्टबेडी! स्वल्प हिंदे."

"सरी अण्णा, सरी," म्हणत ती मागे झाली आणि परत पुढे आली. "तुम्ही म्हणालात, डोळ्यांदेखत वितळवून आणला."

अप्पासाहेबांनी घाम पुसला. "हे बघ, आपण चारशे वर्षं या गावात आहोत. कुणाला पत्ता आहे? जगातल्या सगळ्यांचं काही ना काही इथं आहे, आपलंच नको? मुशीत गेला असता तर कुणी ओळखलं असतं?"

"ओळखायचा कशाला? पुजायचा होता ना?" ती म्हणाली. "मग घरी मी काय पुजतेय?"

"चांगली चांदी आहे गं ती."

"त्यात आपलं काय आहे?"

दिवी माझ्याकडे टक लावून बघत होती. "आई, बाप्पाला कोंडलंय का? त्यानं काय केलं?"

अप्पासाहेब हळू म्हणाले, "चुकलं माझं. साहेबांच्या पाया पडतो, परत मागतो. दोन्ही एकत्र वितळवून घेऊ."

माझ्या अंगात आग असती तर मी तिथंच वितळलो असतो. मागा, मागा, असं माझ्यातले सगळे ओरडत होते. शिवानीनं दिवीचा हात घट्ट धरला.

"म्हणजे घरचापण मुशीत घालायचा?" ती म्हणाली. "नको, मामंजी. झिजल्याशिवाय देव आगीत घालतात का? त्याचे डोळे अजून ठसठशीत आहेत. दिवीचा ताप त्याच्यापुढेच उतरला. त्याला आता काय सांगू, तू आमचा नाहीस? आणि तो रागावला तर? माझं लेकरू आहे."

"मग हा?"

"तो झिजेल तेव्हा मागू. आणि घरी आत्याबाईंना यातलं काही सांगू नका. रोज किती मायेनं नैवेद्य दाखवतात त्याला."

अप्पासाहेबांनी मला फसवलं तेव्हा निदान मला कळलं तरी होतं, की घरी कुणाला हे माहीत नाही. कळलं की धावत न्यायला येतील, या आशेवर मी इथं बसलो होतो. आता तिला माहीत आहे. टाक झिजायला तीन पिढ्या जातात. तोवर मला मागायला कोण येणार? दिवीला तरी आठवेल का?

दिवीनं मला टाटा केला, मगरीला केला तसाच. शिवानी वळली. जिन्यापाशी एकदा थांबली, वाटलं हात जोडेल. जोडले नाहीत. जोडले असते तर घरच्यापुढे परत कशी उभी राहिली असती ती? हे मला समजतं. तरी लागतं.

म्हणून तुम्हाला सांगतो. माझ्यापुढे नमस्कार करू नका, नाणं टाकू नका, फोटो काढा हवा तर. पण तुमच्या देव्हाऱ्यात एखादा म्हातारा टाक असेल, ज्याचं तोंड पुसून गेलंय, तर त्याला मान द्यायच्या नावाखाली अडवून ठेवू नका. त्याच्या आत बरेच जण वाट बघत असतात. त्याला जाऊ द्या.