टपालमावशीचा राहिलेला निरोप

लढ्यातल्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, ही माझी नोकरी. पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ शेजारच्या खोलीत, चहा नंतर. बावीस वर्षं मी लोकांना बोलतं केलं आणि दर वेळी रेकॉर्डर बंद केल्यावर एक प्रश्न चोरून विचारला: घड्याळं दुरुस्त करणारा, डावा खांदा जरा उतरलेला, असा कुणी भेटला होता का? कार्यालयाच्या नियमात हे बसत नाही. न बसू दे. नियम त्यांचे, बाप माझा.

मी चार वर्षांची असताना बाबा लढ्यात गेले ते परत आलेच नाहीत. त्या सकाळी आईचं आणि त्यांचं शर्टाच्या एका बटणावरून वाजलं होतं. "रागारागाने गेले," आई सांगायची, "मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही." ते मेले हे तिने पचवलं, तो राग मात्र तिच्या घशात अडकून बसला. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हाही तो तिथेच होता.

टपालमावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तेव्हा भूमिगतांचे निरोप पोचवायची, म्हणून हे नाव. कागद सापडला तर माणसं मरत, त्यामुळे सगळं तोंडपाठ. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगा सोलत ती सांगत होती. शेंगांचा आवाज येतो म्हणून मी तीनदा टोकलं. तिने काडीचं ऐकलं नाही.

"एकच शिस्त होती. निरोप घेणाऱ्याने 'पोचला' म्हणायचं. ते ऐकलं की डोक्यातून पुसून टाकायचा. मला पकडलं, मारलं, पण सांगायला काही नव्हतंच की!"

"सगळे पुसले गेले?"

"एक सोडून. पुलापाशी एक शिवणकाम करणारी बाई राहायची. दारावर कात्री रंगवलेली. तीनदा गेले, तीनदा कुलूप."

ती कात्री आईनेच रंगवली होती. बाबा गेल्यावर आठवड्याभरात आई मला घेऊन मामाकडे राहायला गेली होती.

"निरोप कुणाचा होता, मावशी?"

"होता एक घड्याळवाला. खांदा उतरलेला."

"ती बाई माझी आई. आता नाही ती."

मावशीने शेंगा बाजूला सारल्या आणि चक्क उलटतपासणी घेतली. शिलाई मशीन खिडकीशी होतं की दाराशी? खिडकीशी. पडद्याचा रंग? पडदा नव्हताच. मग तिने रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "ते बंद कर. निरोप घरच्या माणसाचा असतो, कार्यालयाचा नाही."

मी बंद केला. तिने डोळे मिटले.

"तिला सांगा, मी रागावून निघालो नाही, घाईत निघालो. बटण वाटेत लावलं. सुईदोरा खिशात तिनेच ठेवला होता."

'घाईत' हा शब्द तिने जरासा अडखळून, खालच्या आवाजात म्हटला. हे तिचं बोलणं नव्हतं. बाबांचा आवाज मला आठवत नाही. पन्नाशीला टेकले तरी रस्त्यात एखाद्या अनोळखी माणसाच्या आवाजाने मी थबकते. त्या एका शब्दात मला तो पहिल्यांदा ऐकू आला.

"पोचला?" मावशीने विचारलं.

'पोचला' म्हटलं नाही तर निरोप तिच्याकडेच राहील. पुढच्या आठवड्यात यावं, गोड बोलून पुन्हा म्हणायला लावावं, रेकॉर्डर पिशवीत चालू ठेवावा. मी काही साधुसंत नाही. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, दार उघडायची वाट बघत उंबऱ्यावर ओझं घेऊन उभ्या असलेल्या माणसासारखी. सेहेचाळीस वर्षं.

"पोचला," मी म्हणाले.

"सुटले बाई!" तिने मोठा श्वास सोडला. दोघींसाठी चहा टाकला, साखर किती म्हणून विचारलं. पण मला राहवेना.

"मावशी, ते 'घाईत' कसं म्हणाले होते हो? एकदाच म्हणून दाखवा ना."

तिने माझ्याकडे मायेने पाहिलं.

"कोण गं?"