मनातली विनंती

पेंटर आणि देव यांचं नातं वर्षानुवर्षं दूरच्या नातेवाइकांसारखं होतं. लग्नाला नाहीतर मयताला गाठ पडली तर पडली, एरवी आपापल्या घरी सुखी. रविवारी बायको आणि धाकटी बहीण उपासनेला निघाल्या की हा रंगाचे डबे घेऊन दुकानांच्या पाट्या रंगवायला निघायचा. "तुमच्या देवाला माझा सलाम सांगा," असं वर म्हणायचा.

तोच पेंटर आता रोज सकाळी चर्चमध्ये मागच्या बाकाशी गुडघे टेकून बसू लागला, तेव्हा मंडळींनी तोंडात बोटं घातली. नव्याचे नऊ दिवस, असं आधी सगळे म्हणाले. नऊ दिवस कधीच उलटून गेले, पण हा काही हलेना. आणि गुडघे तरी कसले? जिना चढताना करकरणारे.

"मेहुण्यावर किती जीव आहे बघा," पाळकसाहेब कौतुकाने म्हणाले. पेंटरने मान आणखी खाली घातली. लोकांना तीही नम्रताच वाटली.

मेहुणा म्हणजे त्या धाकट्या बहिणीचा नवरा. शिडीवरून पडल्यापासून तो दवाखान्यात बेशुद्ध होता. डॉक्टर म्हणाले होते, शुद्धीवर येईल अशी आशा आहे, पण पडतानाचं किती आठवेल ते सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्याच संध्याकाळी पेंटर आयुष्यात पहिल्यांदा आपणहून गुडघ्यांवर बसला.

गुडघे दुखायला लागल्यापासून वर मेहुणा चढायचा आणि खाली पेंटर शिडी धरायचा. दोघांचा एक नियम होता. उतरण्याआधी वरच्याने ब्रशच्या दांड्याने शिडीवर टकटक करायची. खालच्याने शिडीच्या पायाशी आपला पाय रोवायचा आणि "ये" म्हणायचं. "ये" ऐकल्याशिवाय वरच्याने पाऊल हलवायचं नाही. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश आणि तोंड पाटीकडे, मग खाली वाकून बघणार कसं? मेहुणा सरळमार्गी माणूस. त्याने हा नियम कधी मोडला नाही.

पेंटरला मात्र एक खोड होती. अक्षरं ओळीत बसली की नाही हे जवळून कळत नाही, लांब जाऊन एक डोळा मिटून बघावं लागतं. चार अक्षरं झाली की याचे पाय आपोआप मागे सरकायचे. "दादा, तुम्ही शिडी धरता की माझ्या चुका?" मेहुणा वरून हसायचा. पण जित्याची खोड ती, चेष्टेने थोडीच जाते!

त्या दिवशी औषधाच्या दुकानाची पाटी होती. पेंटर गल्ली ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेला. शेवटून दुसरं अक्षर जरासं खाली उतरलं होतं. तो मान वाकडी करून तेच बघत होता, तेवढ्यात टकटक झाली. आणि सवयीने याच्या तोंडून गेलं, "ये!"

गल्ली ती केवढीशी! आवाज पायाशी आला की पलीकडून, हे वरच्याला काय कळणार? मेहुण्याने विश्वासाने पाय खाली टाकला आणि शिडी फरशीवरून सरकली.

माणसं जमली तेव्हा पेंटर शिडीपाशी पोहोचला होता. "मी धरली होती," तो धापा टाकत म्हणाला. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. "टकटक न करताच उतरला हो तो!"

बहिणीने दादाचा शब्द खरा मानला. लहानपणापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. आता ती रोज दवाखान्यात नवऱ्याच्या नखांतला रंग तेलाच्या बोळ्याने काढायची आणि त्याला रागवायची. "घाई नडली ना? दादा खाली उभा होता, एक टकटक करायला काय झालं होतं तुम्हाला? माझा विचार तरी करायचा!" चहाचा थर्मास घेऊन मागे उभा असलेला पेंटर हे सगळं ऐकायचा. ऐकून तिच्यासाठी कपात चहा ओतायचा.

मग तो चर्चमध्ये जाऊन मागायचा, "प्रभू, त्याला वाचव. फक्त तेवढं 'ये' त्याच्या डोक्यातून पुसून टाक." चुकलेलं अक्षर तो स्वतः चिंधीने पुसायचाच की, देवाला तेवढं काय अवघड? एकदा मात्र त्याची प्रार्थना आणखी पुढे घसरली. वाचला आणि आठवलं तर? त्यापेक्षा... तो दचकून उभाच राहिला. आपण इतके नीच आहोत हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

बुधवारची प्रार्थना बहिणीच्या घरी असायची. एकेकाने आपली विनंती बोलून दाखवायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, अशी रीत होती. ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसतं "मनातली आहे" म्हणायचं. त्यालाही आमेन मिळायचं. पेंटरची विनंती कायम मनातलीच असायची.

त्या बुधवारी बहिणीचा चेहरा उजळला होता. सकाळी मेहुण्याने बोटं हलवली होती. आज-उद्या डोळे उघडतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

शेजारच्या शिंपीणबाईंनी मुलीच्या परीक्षेसाठी मागितलं. आमेन. पेंटरच्या बायकोने वहिनीच्या नात्याने नणंदेसाठी धीर मागितला. आमेन. पेंटर पुटपुटला, "मनातली आहे." आमेन.

मग बहिणीची पाळी आली. तिने डोळे मिटले, हात जोडले.

"प्रभू, मी आज माझं वेगळं काही मागत नाही. माझ्यापेक्षा दादाच जास्त रडलाय तुझ्यापुढे. त्याने मनात जे मागितलंय ना, तेच मलाही दे. अगदी तसंच दे."

पाळकसाहेबांनी आमेनसाठी श्वास घेतला.

"नको!" पेंटर ओरडला. "आमेन म्हणू नका कुणी!"

सगळ्यांचे डोळे उघडले.

"चिमणे, मी मागत होतो की त्याला आठवू नये," तो बहिणीला म्हणाला. "मी शिडी धरलीच नव्हती. समोरच्या फुटपाथवर होतो, अक्षरं बघत."

बहीण त्याच्याकडे वळली.

"ह्यांनी टकटक केली होती?"

"केली होती."

"मग तू काय म्हणालास?"

"'ये' म्हणालो."

"रोज रागावत होते रे मी त्यांना," ती म्हणाली. "ऐकू येत असेल तर काय वाटलं असेल त्यांना?" ती उठली. भिंतीवरची पिशवी घेऊन दाराकडे गेली. "मी जाते. डोळे उघडायच्या आत मला माफी मागायचीय त्यांची."

पेंटर खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आला. या वेळी त्याने मोठ्याने मागितलं.

"प्रभू, त्याला शुद्धीवर आण. आणि त्याला सगळं आठवू दे."

कुणीच आमेन म्हणेना. शिंपीणबाई पदराशी चाळा करत बसल्या. बायकोने तोंड फिरवलं होतं.

दारात बहीण वाकून चपलेचा पट्टा लावत होती. मागे वळून न बघताच ती म्हणाली, "आमेन."