चाळिसाव्याची जिलेबी

अम्मीला जाऊन चाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याच्या फातेहाला, तिच्या नावानं होणाऱ्या दुआला, तिच्या आवडीचं काय ठेवायचं, याचा घरात कुणाला विचार करावा लागला नाही. भूमच्या बाजारातून अब्बा जिलेबीचा पुडा घेऊनच आले. तो तेलकट कागद बघताच थोरली लेक अजीजा उठली, अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. लातूरच्या सासरहून आल्यापासून तिचं बूड कुठं टेकत नव्हतं.

पोलीस ॲक्शनच्या सालापर्यंत अम्मी स्वतः बाजाराला जायची. शेंगा पारखायची, बांगडीवालीशी भांडायची. त्या साली निजामाचं राज्य गेलं, गावोगाव मुसलमानांवर हल्ले झाले, आणि अब्बांनी दाराला अडसर घातला. पुढं दिवस निवळले, अडसर निघाला, पण अम्मी बाहेर पडली नाही. पाणी पखालवाला घाली, धुणं परटीण नेई. अम्मीचा बाजार चुकतो म्हणून अब्बा दर आठवड्याला जिलेबी आणत. ती अंगानं भरत गेली तशा गल्लीतल्या बायका म्हणत, "हैदरमियाँनी कुलसुमबीला लई सुखात ठेवलंय."

मग धाप लागायला लागली. अजीजानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. भिंतीवर वाळक्या पोरांची चित्रं, दारात दुधाच्या भुकटीसाठी रांग. कंपाउंडर हसला, "मावशी, तुमचं काय काम हितं? तुमी तर खात्यापित्या घरच्या!"

डॉक्टरांनी लघवीत साखर सांगितली. "गोड बंद. आणि रोज कोसभर चाला."

"कुठं चालू, साहेब?" अम्मीनं विचारलं.

डॉक्टर पुढच्या रोग्याकडं वळले होते.

फातेहा झाली. अब्बांनी पहिली जिलेबी धाकट्या जमिलाच्या ताटलीत ठेवली. शाळेतून काढल्यापासून ती घरातच होती. तिची मनगटं अम्मीसारखीच गोल होत चालली होती.

"खा बेटा. तुझ्या अम्मीची आवड."

"अम्मीला बाजार आवडायचा, अब्बा," अजीजा बोलून गेली. "जिलेबी तुम्ही आणायचात म्हणून खायची."

अब्बांनी पुडा मिटला. अजीजा बहिणीकडं वळली.

"जमिला, ऊठ. बाजारात जाऊन येऊ. चालत."

"काय लागतं ते सांगा ना," अब्बा घाईनं म्हणाले, "म्या आणतो."

"ते तिथं गेल्यावर कळंल."

"आपा, मला चप्पल न्हाय," जमिला पुटपुटली.

गरिबाला द्यायच्या गाठोड्यातून अजीजानं अम्मीची चप्पल काढली. दोन ईदांपूर्वीची, पण तळ कोरा करकरीत. जमिलानं पाय घातले आणि अब्बांकडं बघितलं.

अब्बा दारात येऊन उभे होते. मग एका अंगाला झाले.

"बांगडीवाली आता वेशीपाशी बसती," ते म्हणाले.