बोलता येईल इतकंच

चिंचणीच्या शांताराम चुरीने आगगाडीला मागे टाकलं होतं, हे चिंचणीत कुणालाही विचारा, एकजणही कबूल करणार नाही. वाणगावहून मेमू सुटली, शेजारच्या रस्त्याने शांताराम सुटला, आणि गार्डाने हिरवा झेंडा गाडीला दाखवायचा सोडून त्यालाच दाखवला. ही हकिगत पटवून घेणारा जगात एकच माणूस होता, नीलेश, आणि तो सुरतेच्याही पलीकडे दहेजला राहायला गेला होता. पटवून घेतली म्हणजे काय, तर फोनवर खो खो हसला. शांतारामला तेवढं पुरत होतं.

खरं सांगायचं तर ज्या दिवशी ही हकिगत सांगितली, त्या दिवशी शांताराम ओटीवरून न्हाणीपर्यंत भिंत धरून गेला होता. डावा गुडघा बाहेरच्या अंगाने असा पेटला होता, की त्यावर चहा उकळला असता.

नीलेश त्याच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचा. तारापूरच्या एका कंपनीत नोकरी, सडा माणूस. शांतारामची बायको कधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला. रोज उजाडताना हे दोघं चिंचणीच्या किनाऱ्यावरून ओल्या, घट्ट वाळूवर वरोरच्या बाजूला धावत जायचे आणि तसेच धावत परत यायचे. शांताराम बोलायचा, नीलेश हसायचा. त्या हसण्याने बगळे उडून थेट डहाणूला उतरायचे म्हणे. दोघांच्या वेगाचं कुणी विचारलंच नाही, कारण गोष्ट संपेल तिथे धावणं संपायचं आणि गोष्ट काही लवकर संपायची नाही.

मग कंपनीने नवा कारखाना दहेजला काढला आणि नीलेशला तिकडे पाठवलं.

पहिल्या एकट्या सकाळी शांताराम सवयीने वरोरच्या बाजूला गेला. जाताना काही वाटलं नाही. परत फिरला, तर समोर ओल्या वाळूत त्याच्याच पावलांची रांग पडलेली. एकच. शेजारी दुसरी नाही. इतकी वर्षं त्या वाळूवर दोन रांगा बघायची डोळ्यांना सवय होती. तो थोडा वेळ उभा राहिला, बूट झटकले, वर रस्त्यावर आला आणि रिक्षात बसून घरी गेला. त्या दिवसापासून तेच ठरून गेलं. जाताना किनाऱ्याने धावत, येताना रिक्षाने. रिक्षावाल्यांना वाटलं, म्हातारा शर्यतीची तयारी अर्धीच करतो.

गुडघा दुखू लागला तेव्हा त्याने तेल चोळलं. जास्त दुखला तेव्हा जास्त धावला, दुखणं घामावाटे निघून जाईल म्हणून. दुखणं काही गेलं नाही, उलट वाडीतल्या चिकूच्या झाडांसारखं मुळं धरून बसलं. आणि नेमका तेव्हाच नीलेशचा फोन आला. थंडीत पालघरला एकवीस किलोमीटरची शर्यत आहे, मी येतोय, तुमचंही नाव घातलंय.

"पूर्वीसारखं शेजारी शेजारी धावू, भाऊ."

शांताराम म्हणाला, त्यात काय मोठंसं, आणि लगेच मेमूची हकिगत सांगून मोकळा झाला. फोन ठेवल्यावर त्याने गुडघ्याकडे पाहिलं. एका सकाळपुरता का होईना, शेजारी माणूस मिळणार होता, आणि ते सगळं या एका सांध्यावर अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बोईसरला उन्नतीकडे गेला. ही तरुण फिजिओथेरपिस्ट, बोलायला गोड आणि हाताने कडक. तिने त्याला पालथा घातला, कुशीवर वळवला, पाय ओढून बघितले. मग त्याचे बूट हातात घेऊन तळवे उलटे केले. डाव्या बुटाची झीज एका बाजूला भलतीच होती.

"काका, धावता कुठे?"

त्याने किनारा सांगितला.

"समुद्र कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"येताना उजव्या हाताला येत असेल ना?"

"येताना मी रिक्षानं येतो."

उन्नतीने टेबलावरची फाइल तिरकी धरली आणि तिच्यावर दोन बोटं चालवून दाखवली. किनारा समुद्राकडे उतरता असतो. रोज एकाच दिशेने गेलात, तर डावा पाय रोज खालीच पडणार, खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचा पट्टा ताणला जाणार आणि गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर घासत राहणार. जाऊन परत आला असतात तर दोन्ही पायांनी ओझं वाटून घेतलं असतं. पण रिक्षा का, हे तिने विचारलंच. शांतारामने वरोरच्या एका कुत्र्याची गोष्ट सांगितली, जो म्हणे फक्त दक्षिणेकडे जाणाऱ्यांनाच चावायचा. ती हसली. खरं कारण सांगायचं तर त्याला तिथेच मान खाली घालावी लागली असती.

तिने काही आठवडे धावणं बंद केलं. पायांना रबरी पट्टा बांधून चिंबोरीसारखं, खेकड्याच्या चालीने आडवं चालायचं, कुशीवर पडून पाय वर उचलायचा. शांताराम ओटीवर चिंबोरीसारखा इतका चालला, की मांजर त्याला उकडून खायच्या विचारात पडलं. गुडघा निवला. पुढच्या खेपेला उन्नतीने सपाट रस्त्यावर थोडं चालणं, थोडं धावणं सांगितलं, आणि सगळ्यात वरचा नियम तो निघताना सांगितला.

"बोलता येईल इतकंच धावायचं, काका. वाक्य मधे तुटलं, की समजा वेग जास्त झाला. आणि नुसतं मनात नाही, मोठ्याने बोलून बघायचं."

शांताराम घरी आला आणि दुसऱ्या सकाळी रस्त्यावर उभा राहिला, तेव्हा कळलं की बोलायला काही नाही. गेल्या कित्येक दिवसांत तो घरात बोलला होता ते कुकरशी, तेही शिट्टी झाल्यावर "बस की आता" एवढंच. पहिले काही दिवस त्याने गावांची नावं घेतली. चिंचणी, वरोर, वाणगाव, मनोर. गावं संपली. मग त्याने सरळ नीलेशला सांगायला सुरुवात केली, जणू तो उजव्या बाजूला आहेच. काय झालं नील्या, काल वाडीत एक वटवाघूळ आलं, आणि चिकू उलटा टांगून खाऊ लागलं. वाक्य तुटलं की तो पावलं आवरायचा. वाक्य सलग गेलं की धावायचा.

लोक बघू लागले. वाळत घातलेल्या बोंबलांजवळ बसणाऱ्या शालूमावशीने एकदा त्याला थांबवलं.

"भाऊ, कोनाशी बोलता?"

"सराव हाय."

"तो सराव कानात वायर घालून करा. लोकं येडा म्हनतात तुमाला."

त्याने तेही केलं. कानात वायर, वायरचं दुसरं टोक खिशात, खिशात नुसता रुमाल. तेव्हापासून गाव आदराने बाजूला होऊ लागलं. भाऊंचे मोठे फोन येतात म्हणे. पार परदेशातून.

उन्नतीच्या सांगण्यावरून तो किनाऱ्यावर परत उतरला, पण या वेळी जाऊन परत. पहिल्या दिवशी वळला आणि ती एकट्या पावलांची रांग समोर आलीच. त्याने आवाज वाढवला. घरापर्यंत न थांबता बोलत आला.

पण या संथ धावण्यात जादू होती, किंवा उन्नती म्हणते तसं शास्त्र. रोज तोच श्वास, तेच वाक्य, पण वाक्याच्या आत रस्त्याचे खांब जास्त मावू लागले. हळू धावता धावता तो लांब धावू लागला. एक सकाळ अशी आली, की वाणगावच्या रस्त्याने जाऊन तो परत आला आणि गुडघ्याचा विचारच डोक्यात आला नव्हता. फोनवर नीलेशला त्याने सांगितलं, की परवा धावता धावता मी इतका पुढे गेलो, की माझी सावली मला उंबरोळीला येऊन भेटली. नीलेश हसला. कामावर होता, घाईत हसला.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नीलेश आला. अंगाने वाळलेला, गालफडं बसलेली, मनगटावर भलंमोठं घड्याळ. तिकडे धावणाऱ्यांच्या कुणा क्लबात जातो म्हणाला. शांतारामने पुरीचं जेवण केलं होतं. नीलेशने त्यातला भात खाल्ला आणि लवकर झोपला.

सकाळी पालघरला हवेत गारवा होता. गर्दी सुटली, दोघं शेजारी शेजारी लागले. शांतारामने या सकाळसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. सातपाटीच्या मासळीच्या लिलावात एक मोठी घोळ मासळी आली, आणि बोली चालू असताना तिच्या पोटात मोबाइल वाजू लागला.

"काय झालं नील्या," त्याने सुरू केलं, "सातपाटीला एक घोळ..."

पुढचा शब्द आला नाही. श्वास मधेच उभा राहिला. नीलेशचं घड्याळ टिकटिक करत होतं आणि नीलेश त्याच्या टिकटिकीवर पाय टाकत होता. शांतारामने पाय उचलले. पायांना जमत होतं. पण पाय चालवले की तोंड बंद, तोंड उघडलं की पाय मागे. त्याने पुन्हा एकदा प्रयत्न केला. "घोळ" एवढंच निघालं.

कोळगाव मागे पडलं. नीलेश पुढे बघतच म्हणाला, "भाऊ, आज गप्प गप्प? पूर्वी तुमची टकळी थांबायची नाही."

शांताराम म्हणाला, "हं."

असाच हं हं करत शेवटपर्यंत जाता आलं असतं. शेजारी माणूस होता, पावलाला पाऊल होतं. इतके महिने चिंबोरीसारखा चालला होता तो याचसाठी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक चिमटा बसला, जुन्या ओळखीचा. त्याने आणखी थोडं अंतर काढलं. मग दम घेऊन एकदाच पुरते शब्द जमवले.

"तू हो फुडं."

"नक्की?"

"हो. मी येतो मागनं."

नीलेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि गेला. त्याचा हिरवा शर्ट पुढच्या शर्टांत मिसळला. शांतारामने पावलं आवरली. चिमटा सुटला. श्वास खाली बसला आणि त्याच्या मागोमाग शब्द आले, एकेक करून, मग घोळक्याने.

तर काय झालं नील्या, तो म्हणाला, लिलावात सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले. बायांनी टोपल्या उलट्या केल्या. मच्छीमार सोसायटीच्या माणसाने माशाला सांगितलं, आधी फोन उचला, बोली मग बघू. मागून धावणारे त्याच्या बाजूने निघून गेले, कुणीतरी वळून पाहिलं. उंबरोळीच्या दिशेने रस्ता सरळ पसरला होता आणि आता त्याच्या मागेपुढे फारसं कुणी उरलं नव्हतं. गुडघा शांत होता. असाच तो शेवटपर्यंत जाणार, यात आता शंका नव्हती.

मग एका म्हातारीने घोळीच्या गालफडात हात घालून फोन काढला आणि कानाला लावला, तो सांगत होता. तर पलीकडून आवाज आला, अगो, मी कधीची पाण्यात उभी हाय, माझं पोर तुज्या टोपलीत आलं काय?

इथे नीलेश हसायचा. शांतारामने सवयीने तेवढी जागा सोडली. त्या जागेत नुसते बूट वाजले, उजवा, डावा, उजवा, डावा. मग त्याने श्वास घेतला आणि पुढचं सांगायला लागला.